हवेतून गेलेली अंगाई

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांकडे रेडिओ होता आणि कोणाकडेच काम नव्हतं. जंगल कुठलं ते विचारू नका. विचारलंत तर आपलंच निघायचं.

त्या जंगलात आंब्याच्या ढोलीत सगुणाबाई नावाची सुतारपक्षीण राहायची. तिचे यजमान टोकाजीराव हे दातांचे वैद्य. चोच जन्मतःच मिळालेली, त्यामुळे हत्यारं घ्यावी लागली नाहीत. सगळ्यांच्या दाढा ते ठोकून बघायचे. सिंहमहाराजांच्यासुद्धा.

महाराजांनी आदल्या वर्षीच शिकार सोडली होती. प्राणिमात्रांवरच्या करुणेपोटी सोडली, असं प्रधान लांडग्याने दवंडी पिटून सांगितलं होतं. हरणांनी त्यांचा जाहीर सत्कारही केला होता. खरी गोष्ट एकट्या टोकाजीरावांना ठाऊक होती. ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. वैद्याचा धर्मच तसा असतो.

सगुणाबाईंना तीन पिल्लं झाली. तिघंही अखंड भुकेली. मुंगळे आणायला लांब जावं लागायचं आणि जीव मागे ढोलीत अडकलेला असायचा. हे हेरून एक बगळा आला. बगळ्याची पिशवी भरलेली होती आणि चेहरा साधूचा होता.

"ही 'बाळकान' पेटी," तो म्हणाला. "एक डबी पिल्लांजवळ टांगायची, दुसरी तुमच्या गळ्यात. पिल्लू शिंकलं तरी तुम्हाला ओढ्यापलीकडे कळेल. तारबीर काही नाही. आवाज हवेतून येतो."

सगुणाबाई विचारी होती. तिने विचारलं, "हवेतून येतो, तर मग इतरांकडेही जाईल की!"

"छे हो बाई! हवेला तुमचा पत्ता सांगून ठेवलेला असतो."

बगळा इतक्या शांतपणे बोलला, की सगुणाबाईला आपल्याच शंकेची लाज वाटली. तिने पेटी घेतली.

चार दिवसांत जंगल फार प्रेमळ झालं. वाटेत खार भेटली. म्हणाली, "धाकट्याचं पोट बिघडलंय ना? डाळिंबाची साल उगाळून द्या." सशाने थोरल्यासाठी ओवा पाठवला. 'किती काळजी करतात हो लोक!' असं सगुणाबाईला वाटलं. धाकट्याच्या पोटाचं आपण कोणाला सांगितलं, ते मात्र तिला आठवेना. हरिणीने तेवढं बोलणं टाकलं. सगुणाबाई घरी नवऱ्याला म्हणाली होती, की हरिणीच्या हातचे पोहे म्हणजे भिजवलेला भुसा. पण ते घरी म्हणाली होती. घरातलं हरिणीला कसं कळणार?

एका दुपारी ती तळ्यावर पाणी प्यायला उतरली. टोकाजीराव घरी होते, म्हणून गळ्यातली डबी तिने नेहमीप्रमाणे बंद ठेवली होती. काठावर कासवआजोबांचा रेडिओ लागला होता. भोवती ससा, खार, दोन माकडं आणि हरिणीचं सगळं कुटुंब चहाचे पेले घेऊन बसलं होतं. आजोबांना लांबचं दिसत नसे. पंखांचा आवाज ऐकून ते म्हणाले, "कोण आहे? बसा, बसा. वैद्यांकडचं लागलंय. बाई बाहेर गेली, की बुवा गातो."

आणि रेडिओतून टोकाजीराव गाऊ लागले.

बाळांनो, गुपित म्हणजे गिळलेला गरम बटाटा. आत राहवत नाही. टोकाजीराव ते कोणाला सांगणार? बोलता न येणाऱ्या पिल्लांना सांगत होते. तेही अंगाईतून.

"नीज माझ्या बाळा, राहा गुपचूप,
राजाच्या खिमटीत घाला थोडं तूप.
सुळे गेले, दाढा गेल्या, कुठं लावू हात?
राजाच्या तोंडात एक नाही दात!"

पेले हवेत थांबले. मग हरिणीला हसू फुटलं. बरोबर एक वर्षापूर्वी तिनेच महाराजांच्या करुणेला हार घातला होता.

सगुणाबाईने पाण्यात चोचही न बुडवता पंख उघडले. त्या राज्यात महाराजांची बदनामी करणाऱ्याची चोच छाटायचा कायदा होता. चोच गेली, की वैद्यकी गेली, पिल्लांचा घासही गेला. ती जिवाच्या आकांताने उडाली आणि ढोलीत शिरून ओरडली, "अहो, गप्प बसा! सगळं जंगल ऐकतंय!"

हेही सगळ्या जंगलाने ऐकलं. तळ्यावर घाईघाईने रेडिओ बंद झाला. थोड्या वेळाने, आता पुढे काय म्हणतात ते ऐकायला, हळूच पुन्हा सुरू झाला.

टोकाजीरावांची मान खाली गेली. "मी फक्त पिल्लांना सांगितलं गं," ते एवढंच म्हणाले. सगुणाबाईला राग आला होता, पण त्यांची ती चोच बघून तो गिळावा लागला. तेवढ्यात लांडग्याचा हुजऱ्या बोलावणं घेऊन दाराशी आला.

दरबार खच्चून भरला होता. महाराज शेपटीचा गोंडा तोंडासमोर धरून बसले होते. ते काहीतरी पुटपुटले. लांडग्याने त्याचा अर्थ सांगितला, "महाराज विचारतात, आमच्या दातांबद्दल कोण काय बोललं?"

टोकाजीराव पुढे सरकणार, एवढ्यात सगुणाबाईने त्यांना पंखाने मागे ढकललं. पोहे आठवले, ओवा आठवला, तिला आपल्या शेजाऱ्यांची चांगलीच ओळख पटली होती.

"महाराज, बदनामी व्हायला कोणीतरी ऐकावं लागतं," ती म्हणाली. "आमच्या घरातलं कोणी ऐकलं, त्याने पुढे यावं."

पुढे येणार कोण? दुसऱ्याच्या ढोलीला कान लावतो, असं चारचौघांत कोण सांगणार?

"मी त्या वेळी भजन ऐकत होतो," कासवआजोबा म्हणाले.

"आम्हीही भजनच," माकडं म्हणाली. हरिणीने तर भजनाचा अर्थही सांगायला सुरुवात केली.

सगुणाबाईने मान वर केली. "कोणीच ऐकलं नाही. मग महाराजांना कसं कळलं?"

महाराजांनी गोंडा आणखी वर धरला. मग त्यांनी पुटपुटून लांडग्याकडे पाहिलं.

"महाराजही भजनच ऐकत होते," लांडगा म्हणाला.

निकाल लागला. कोणी ऐकलं नाही, म्हणजे कोणी बोललं नाही. कोणी बोललं नाही, म्हणजे महाराजांना दात आहेत. टोकाजीरावांची चोच वाचली. सगुणाबाईने सुटकेचा श्वास सोडला. तो जरा लवकर सोडला.

कारण लांडगा पुढे म्हणाला, "पिल्लांच्या सुरक्षेसाठी ही पेटी फार उपयोगी आहे, असं महाराजांना भजन ऐकताना जाणवलं. आजपासून प्रत्येक घरात एक पेटी टांगलीच पाहिजे."

घुबड म्हणालं, "पण माझं लग्नही झालेलं नाही."

"होईल. पेटी आधी टांग."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. न वाजवणारे कोण, ते लांडगा बघत होता.

तेव्हापासून जंगलातलं घरगुती बोलणं फार सुधारलं. सासवा-सुना एकमेकींना चटणी वाढताना महाराजांच्या दातांची स्तुती करू लागल्या. 'काय ते सुळे! काय ती चमक!' खरं बोलायचं असलं, की कुटुंबं धबधब्याशी जायची. सगुणाबाई पहिल्यांदा तिथे गेली, तर सगळं जंगल आधीच खडकाखडकावर डोकी जुळवून बसलेलं. कोणी कोणाला ओळख दाखवली नाही.

महाराज दिवसभर रेडिओ ऐकायचे. घराघरांतून, अगदी खासगीत, एकच गोष्ट ऐकू येई. प्रजा घरात खोटं कशाला बोलेल? हळूहळू त्यांना पटलं.

एके सकाळी त्यांनी टोकाजीरावांना तातडीने बोलावलं. गाल धरून ते कण्हत होते. टोकाजीरावांना त्यांचं पुटपुटणं समजायचं.

"वैद्य, दात दुखतोय."

"कोणता, महाराज?"

"सगळेच."

टोकाजीरावांनी चोच घातली. जिथे काही नव्हतं तिथे दोन तास हळुवार ठोकत बसले. महाराजांना आराम पडला.

घरी आल्यावर सगुणाबाईने विचारलं, "काय झालं होतं हो महाराजांना?"

त्यांनी चोच उघडली. भिंतीवरच्या पेटीकडे पाहिलं. मग बायकोकडे.

"कीड लागली होती," ते म्हणाले. "पण मुळं भक्कम आहेत."

तात्पर्य : बाळांनो, घरात नेहमी गोड बोलावं. घरच्यांना त्याचा काही उपयोग नसतो, पण ऐकणाऱ्यांची प्रकृती चांगली राहते.