नदीकाठच्या सायबांचं गाऱ्हाणं

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि दर रविवारी सकाळी सात वाजता बोरिवलीत नदीकाठी उभा राहून मेलेल्या गोऱ्या शिपायांसमोर "बरोबर, बरोबर" म्हणत होतो. हे काम माझ्या गळ्यात घातलं शेजारच्या सीताराम परबाने.

परब मालवणकडचा. जन्म गिरणीत गेला, पण बोली गावातून निघाली तशीच राहिली. आमच्या चाळीमागे दहिसर नदी वाहते. तिच्या वळणावर पूर्वी गोऱ्यांच्या पलटणीचा तळ होता. एका पावसाळ्यात तापाची साथ आली, शिपाई पटापट गेले आणि तिथेच पुरले. परबाचं म्हणणं असं, की प्रत्येक जागेला राखणदार असतो आणि आमच्या वळणाचे राखणदार हेच. म्हणून तो त्यांच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाणं एकट्याने होत नाही. एकाने मागणं मांडायचं, दुसऱ्याने प्रत्येक वाक्याला "होय महाराजा" म्हणायचं. ते त्याची बायको म्हणायची. काही वर्षांपूर्वी ती गेली आणि महिन्याने परब माझ्या दारात उभा.

"जाधवा, तू फक्त होय महाराजा म्हण."

"मी बौद्ध आहे. महाराजा-बिहाराजा म्हणणार नाही."

"मगे काय म्हणशीत?"

"पटलं तर बरोबर म्हणेन."

"आणि नाय पटला तर?"

"गप्प बसेन."

"चलात," परब म्हणाला. "म्हातारी पण अर्धो वेळ गप्पच असायची."

पहिल्याच रविवारी अडलं. परबाने सुरुवात केली, "बा महाराजा, परमुलखातसून इल्ल्या सायबांनू, चाळीवर कोणाची वायट नजर आसात ती सात समुद्रापलीकडे न्हेवन टाका."

मी गप्प.

"काय झाला?"

"सात समुद्रापलीकडे त्यांचंच गाव आहे. तिथे कशाला टाकतील?"

परब विचारात पडला. मग म्हणाला, "घाटापलीकडे टाका."

"घाटापलीकडे माझं गाव आहे."

शेवटी वाईट नजर ठाण्याच्या खाडीत टाकायची ठरली. अजून तिथेच पडते. मुलुंडच्या लोकांनी माफ करावं.

"ज्याचो मान तेका देवक व्हयो," हे त्याचं पालुपद. साहेबाला विडा-सुपारी काय कळणार, म्हणून तो नारळाशेजारी दोन बटर ठेवायचा, चहात बुडवून खायचे ते. बटर कावळे न्यायचे. परब खूश. कोणी फिरायला आलेला माणूस विचारायचा, आजोबा, हे कुठल्या लढाईत मेले? परबाला खोटं बोलवत नसे आणि ताप सांगायला मन धजत नसे. तो छाती पुढे काढून म्हणायचा, "सगळे एकाच दुश्मनान मारले." माणूस हात जोडून पुढे जायचा.

गाऱ्हाण्याच्या शेवटी तो एकेकाचं नाव घ्यायचा. टामस हारपर, जान विल्कीस, जार्ज बेली, असं करत सगळे. ही नावं त्याने तरुणपणी तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराकडून ऐकून पाठ केलेली, थडग्यांच्या दगडांच्या रांगेबरहुकूम; जो आधी गेला त्याचा दगड आधी. पुढे रखवालदार वारला. २००५ च्या पुरात दगडही गेले. चिखल वाळला तेव्हा तिथे नुसतं गवत राहिलं, आणि परबाचं डोकं.

मग २०२३ साली नदीला भिंत बांधायचं निघालं, आणि भिंतीलगत गाड्या लावायला मोकळी जागा. जेसीबी येऊन उभा राहिला. परब महापालिकेच्या ऑफिसात जाऊन बसला, रोज, डबा घेऊन. सातव्या दिवशी कंटाळून एक इंजिनियर मॅडम जागेवर आल्या. गुरुवार होता. जवळच्या चर्चमधले फादर परबाच्या विनवणीवरून दफनाचं जुनं रजिस्टर घेऊन आले होते.

मॅडम म्हणाल्या, "आजोबा, नकाशावर ही मोकळी जागा आहे. रजिस्टरात लिहिलंय, नदीकाठच्या लष्करी तळावर पुरले. नदी केवढी लांब आहे. इथेच पुरले कशावरून? एक दगड तरी दाखवा."

"दगड वाहान गेले. माणसा हयच आसत."

"असं चालत नाही हो."

मला राग आला. मी म्हणालो, "मॅडम, ह्या जागेवरच्या दगडांची नावं याला पाठ आहेत. तुम्ही रजिस्टर धरा, हा बोलतो."

"रजिस्टर वाचून पाठ केलं नसेल कशावरून?"

"वाचणार कोण? आम्ही दोघं मिळून सहावी शिकलोय. त्यातली चौथी माझी."

फादर हसले आणि म्हणाले, "हे आज पहिल्यांदाच कपाटातून बाहेर निघालंय." त्यांनी रजिस्टर मॅडमच्या हातात दिलं.

परबाने चप्पल काढली. गवतात उभा राहिला आणि सुरू झाला. टामस हारपर. मी म्हटलं, बरोबर. मॅडमचं बोट पानावर उतरलं. जान विल्कीस. बरोबर. बोट खाली. परब रांगेत एकेक पाऊल पुढे टाकत होता आणि बोट एकेक ओळ खाली येत होतं. एकही ओळ चुकली नाही. दहाव्या नावापासून फादरही माझ्याबरोबर बरोबर म्हणायला लागले. बावीस नावं झाली, पान संपलं.

परब थांबला नाही. "आणि दत्ताराम," तो म्हणाला.

मॅडमनी पान उलटून पाहिलं. "हे नाव यात नाही."

कंत्राटदाराचा माणूस मागे उभा होता. तो म्हणाला, "बघा, घरचीच नावं घुसवलीत म्हाताऱ्याने. सगळंच बनवाबनवीचं."

इतकी वर्षं ते नाव मी ऐकत होतो. मला वाटायचं, पलटणीतला कोणी आपला माणूस असेल, आचारी, पखालवाला. माझा पणजाही पलटणीत होता. मी कधी विचारलं नाही. आता सगळे परबाकडे बघत होते, आणि हा बडबड्या माणूस जमिनीकडे.

"तो हयचो न्हय," तो म्हणाला. "तो माझो मोठो भाव. बोटीर कामाक होतो. खयच्या तरी बंदरात पोटात दुखान गेलो. कंपनीचा पत्र इला, थयच पुरलो म्हणान. बंदराचा नाव कोणाक वाचूक येयना. आयेन पत्र देव्हाऱ्यात ठेवल्यान, ता वाळवीन खाल्ल्यान." मग म्हणाला, "आये सांगायची, तू हयच्या परक्या पोरांका बघ. थयचो कोण तरी आमच्या दत्तूक बघतलो."

कंत्राटदाराच्या माणसाने खिशातला मोबाईल काढून उगाच बघितला.

मॅडमनी रजिस्टर मिटलं. "बावीस बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "जेसीबी आजच हलवा. मी वर लिहून कळवते."

"आणि भिंत?"

"नदी वळलीय ना इथे? भिंतही वळेल."

आणि वळली. बोरिवलीत येऊन बघा. सरळ आलेली भिंत तिथे पोट आत घेते आणि पुढे जाते. आतल्या बाजूला पाटी आहे, तिच्यावर बावीस नावं. परब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "लढाई एकच झाली, मुन्सिपाल्टीबरोबर. ती सायबांनी जिंकली."

त्या गुरुवारी संध्याकाळी चाळीने त्याला खुर्चीत बसवून गल्लीभर मिरवलं. ताशा वाजला, पेढे वाटले. परब वर बसून दोन्ही हात उंच करत होता. पण उतरल्यावर तो कोणाशी बोलला नाही, पेढा हातात धरून घरात गेला आणि दार ओढून घेतलं. माझी बायको म्हणाली, एवढं जिंकून माणूस असा का?

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आमचं काम रविवारचं. तरी मी सहाला उठून अंघोळ केली आणि परबाची कडी वाजवली. तो बनियनवरच, दात घासता घासता बाहेर आला.

"काय रे, आज खय?"

"चप्पल घाल," मी म्हटलं. "आज दत्तारामापासून सुरू कर."