गॅलनमागे तीन मैल बेपत्ता

"मी जीवराम. तापीच्या दोन्ही काठांवरचे चोर माझं नाव ऐकलं की तिसरा काठ शोधू लागतात. माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही, आणि सुटलीच तर ती मुंगी नव्हती असं समजावं. धुळ्यापासून चाळीसगावापर्यंत माझ्यासारखा गुप्तपोलीस दुसरा नाही."

हे शब्द जीवरामनानांचे. त्यांनी सांगितले, मी लिहून घेतले. त्यातलं शेवटचं वाक्य अगदी खरं आहे. धुळ्यापासून चाळीसगावापर्यंत दुसरा गुप्तपोलीस नव्हताच.

मी त्यांचा मदतनीस. एरवी शाळामास्तर, पण उन्हाळ्याची सुटी लागली की नाना मला शाळेतल्या खडूसारखं वापरत, म्हणजे झिजेपर्यंत.

ही हकीकत सन एकोणचाळीसची, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या आठवड्यातली. मोतीलालशेटची सर्व्हिस मोटार रोज धुळ्याहून दोंडाईच्याला जायची आणि संध्याकाळी परत यायची. जाऊन-येऊन बहात्तर मैल. तिचं इंजिन डिझेलचं. आधी शेट तिच्यात कापसाची सरकी काढायच्या जिनातल्या इंजिनाला घालतात ते जाड काळं तेल घालत. मग एक एजंट पातळ पिवळसर तेल घेऊन आला आणि म्हणाला, "हे घाला, शेटजी. जुन्या तेलावर गाडी गॅलनला बारा मैल जाते ना? ह्याच्यावर चौदा जाईल."

शेटने तेल बदललं. गाडी गॅलनला नऊ मैल जाऊ लागली.

मुलांनो, हा हिशेब कसा काढतात ते इथेच सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे. संध्याकाळी टाकी तोंडापर्यंत भरायची. जितके गॅलन मावले तितकं तेल दिवसात जळालं. दिवसाच्या मैलांना त्या गॅलनांनी भागायचं. आधी सहा गॅलन मावत. बहात्तर भागिले सहा, बारा. आता आठ मावू लागले. बहात्तर भागिले आठ, नऊ. गाडीत मैल मोजायचं घड्याळ होतं, पण ते दोन दसऱ्यांमागेच बंद पडलेलं. त्याच्या काचेवर शेंदराचा टिळा लावून ठेवला होता.

एजंट म्हणाला, "तेल शुद्ध आहे, तुमचा ड्रायव्हरच चोर." शेटला हे लगेच पटलं. श्रीमंताचं काही हरवलं की ते गरिबाच्या घरी असणार, हे आपल्याकडे पुराव्याशिवाय पटतं. त्यांनी ड्रायव्हर अभिमनला सांगून टाकलं, "गुरुवारपर्यंत चोर सापडला नाही, तर चोर तूच."

अभिमन पंधरा वर्षं गाडी चालवत होता. तो नानांच्या पाया पडून म्हणाला, "नाना, मी एक थेंबबी लिधा नई. देवनी आन."

मी म्हटलं, "नाना, गाडी कुठं कुठं जाते, हे ह्याला एकदा विचारू या का?"

"मास्तर," नाना म्हणाले, "संशयिताला कधी विचारू नये. तो खरं सांगून तपास बिघडवतो."

तपास सुरू झाला. पहिल्या दिवशी नानांनी दोन्ही तेलं हुंगली, मग चाखली. "पिवळ्यात पाणी आहे," ते म्हणाले, आणि दुपारभर परसाकडे जात राहिले. मी त्याच तेलात चिंधी बुडवून पेटवली. ती तडतडली नाही, सरळ जळली. पाणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुन्हेगार पकडला, तो म्हणजे सूर्य. ऐन उन्हाळ्यात तेल वाफ होऊन उडतं, हा सिद्धान्त. टाकीवर ओलं गोणपाट घातलं. संध्याकाळी टाकीत आठच गॅलन मावले, आणि गोणपाट मात्र चोरीला गेलं. त्याचा तपास नानांनी हलका म्हणून घेतला नाही.

मंगळवारी आम्ही वेषांतर करून गाडीतच बसलो. नाना मिरचीचे व्यापारी झाले. भूमिका पक्की वाटावी म्हणून त्यांनी मांडीवर मिरचीचं पोतंच घेतलं. टाकीचं झाकण ड्रायव्हरच्या मागच्या बाकाखाली होतं. नाना त्या झाकणाकडे असे बघत बसले की मांजरीने शिकावं. गाडीत सगळ्या सणाला माहेरी निघालेल्या लेकी. मागे पदर ओढून, मांडीवर पोरं घेऊन बसलेल्या. गाडी हलली की पोतं हले, पोतं हललं की सगळी गाडी शिंके.

"डोळा हलवू नका, मास्तर!"

"नाना, डोळ्यांतून पाणी येतंय."

"येऊ द्या. पाण्यातूनही चोर दिसतो."

संध्याकाळपर्यंत झाकणाला कुणी बोटही लावलं नाही. टाकी भरली. आठ गॅलन!

बुधवारी सकाळी नाना माझ्या ओट्यावर आले. चेहरा प्रसन्न.

"मास्तर, कालपासून माझ्या घरात एक शब्द नाही. कुंदाला अखेर माझ्या कामाची किंमत कळली."

"जेवलात का?"

"चूल थंड होती. म्हणजे बायकोनं माझ्या यशासाठी उपासही धरलाय. तुमच्याकडं भाकरी आहे ना?"

भाकरी खाता खाता त्यांनी शेवटचा सिद्धान्त मांडला. चोर इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतून तेल ओढतो, आणि नळीपाशी दिवसभर एकटा अभिमन बसतो. "मी डोळा हलवला नाही, तरी तेल गेलं. म्हणजे चोर माझ्याइतकाच हुशार आहे. आज पुन्हा गाडीत बसायची गरज नाही."

गुरुवारी मोतीलालशेटच्या पेढीवर सगळे जमले. शेट गादीवर, एजंट लोडाला टेकून, अभिमन दारात उभा. नाना उठले, खाकरले, बोट उचललं.

"ह्या खोलीत एक माणूस असा आहे—"

तेवढ्यात त्या माणसाला बाजूला ढकलून एक म्हातारी आत आली. फाट्यापलीकडच्या पिंपरखेड्याची ताईबाई. तिने शेटकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ अभिमनला धरलं.

"का रे भाऊ, बठ्ठासनी आंडेर दारम्हा उतारी, नि काल मनीच इहिरपाशी काब्र उतारी दिधी? मनी आंडेर सावत्र शे का?"

आंडेर म्हणजे लेक. सगळ्यांच्या लेकी दारात उतरवल्या, माझीच विहिरीपाशी का, असं ती विचारत होती.

अभिमन मान खाली घालून म्हणाला, "माय, तेल जास्त जळस म्हनीसन शेटजी रागे भरतस. तेवढं तरी वाचाडं."

 मी खिशातून खडू काढला आणि फरशीवर बसलो.

"अभिमन, रोज किती लेकी?"

"सात-आठ. आखाजी शे ना, मास्तर."

"गाव रस्त्यापासून किती आत?"

"कोनं एक मैल, कोनं दोन."

म्हणजे सरासरी दीड मैल आत, दीड बाहेर. आठ त्रिक चोवीस. बहात्तर आणि चोवीस, शहाण्णव. भागिले आठ.

बारा.

मुलांनो, भागाकारात दोन आकडे असतात. आम्ही चार दिवस गॅलन हुंगले, चाखले, झाकले. मैलांकडे कुणी बघितलंच नाही. मीही त्याच गाडीत होतो. गाडी आठ वेळा बैलगाडीच्या वाटेने आत गेली, आठ अंगणांत उभी राहिली, दोनदा आम्हाला ताकही मिळालं, आणि तरी विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं, "गाडी दोंडाईच्याला गेली आणि परत आली." आपल्याकडे माहेरवाशिणीला दारात सोडणं ह्याला कुणी प्रवास म्हणतं का? गाडीला उशीर होत होता, पण ती नेहमीच उशिरा यायची, म्हणून तो पुरावाही वाया गेला.

"म्हणजे माझी गाडी रोज चोवीस मैल फुकट?" शेट ओरडले.

"माहेरवाशीनले फाटावर कशी उतारू, शेटजी?" अभिमन म्हणाला. "लोके काय म्हनतीन? सोमवारे तुमनी लताबाईले आननं, तवय गल्लीम्हाईन गाडी मांगे काढाले अर्धा घंटा लागना."

आतून शेटच्या लेकीच्या बांगड्या वाजल्या. 

शेट घाईने एजंटाकडे वळले. "नवं तेल बारा मैल देतं. जुनंही बाराच देत होतं. मग तुमचे चौदा कुठं आहेत?"

एजंटाला अचानक आगगाडीची वेळ आठवली. चौदाव्या मैलाचा तपास आजतागायत लागलेला नाही.

ताईबाईने हुकूम सोडला, "आते सरका बठ्ठा. भाऊले गाडी काढू द्या," आणि अभिमनचं काम राहिलं. चोर म्हटल्याबद्दल शेटने त्याची माफी मागितली नाही. नुसतं "आखाजी होईपर्यंत मैल मोजू नका," एवढंच म्हणाले आणि गादीवर आडवे झाले.

बाहेर आल्यावर नाना मला म्हणाले, "लिहा, मास्तर. जीवरामांनी बोट उचलताच सत्य आपल्या पायांनी चालत आलं."

मी लिहीत होतो. अभिमन गाडीची दांडी फिरवता फिरवता थांबला.

"नाना, वहिनीस्ले परत कवय आनू?"

"कोण वहिनी?"

"तुमन्या. कुंदावहिनी. मंगळवारे माहेरले सोड्यात ना, दारम्हा. तुम्ही गाडीम्हाच व्हतात. त्या उतरताना बोलन्यात, ह्यासले हाक मारू नका, कामम्हा शेतस."