इंगळे सरांच्या खिशातला कांदा

गुडघाभर बर्फात उभं राहून खिशातला कांदा चाचपणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे शेजारी, इंगळे सर.

अकोल्यात खिशात कांदा असण्याचं कोणाला नवल नाही. मार्च सरला की आमच्याकडचं ऊन हात धुऊन माणसाच्या मागे लागतं, आणि ते बाधू नये म्हणून कांदा बाळगणारे पुष्कळ आहेत. पण ते उन्हाळ्यापुरतं. सर बारा महिने बाळगतात. एकदा भर श्रावणात मी विचारलं, "सर, आता काहून?" तर आभाळाकडे बघत म्हणाले, "ऊन नाही पडणार म्हणता. अन् पडलं तं?"

"अन् पडलं तं, अन् नाही आलं तं" ही सरांची जपमाळ. कुलूप लावलं की ओढून बघतात, गल्लीच्या तोंडाशी जातात, परत येऊन पुन्हा ओढतात. मूर्तिजापूरला लग्नाला जायचं तर अर्धा दिवस आधी स्टेशनवर. गाडी वेळेवर आहे असं फलकावर दिसत असलं तरी सर रुळांकडे डोळे लावून. "येईन. अन् नाही आली तं?" शाळेत गणित शिकवायचे. उत्तर बरोबर आलं तरी फळ्याकडे संशयानं बघत, असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात.

बायको लवकर गेली. मुलीला, मृणालला, सरांनी एकट्यानं वाढवलं. उन्हाळ्यात रोज सकाळी टोपलीतून दोन कांदे निघायचे, एक सरांच्या खिशात आणि एक मृणालच्या दप्तरात. ती रोज विसरायची, सर रोज ठेवायचे. पुढे ती कॉलेजसाठी अमरावतीला जाऊ लागली तेव्हा मैत्रिणींनी तिच्या पर्समधला कांदा पाहून खूप चिडवलं. तिनं घरी येऊन भांडण काढलं. सरांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जरा लहान कांदा ठेवला.

मृणाल फिजिओथेरपिस्ट झाली आणि स्वित्झर्लंडात, डोंगरातल्या एका चिमुकल्या गावी, वृद्धाश्रमात नोकरीला लागली. दोन वर्षांनी परत यायचं ठरलं होतं. ती मुदत संपत आली तेव्हा फोनवर म्हणाली, "बाबा, मले इथंच राहावं वाटते. तुमी एकदा या. पाहा, मंग बोलू."

दुसऱ्या दिवशी सर माझ्या ओट्यावर येऊन बसले. "सुधाकरभाऊ, मी जातो अन् तिले घेऊनच येतो." मग हळूच म्हणाले, "अन् नाही आली तं?"

या वेळी मला हसू आलं नाही. बर्फ पाहायची मला हौस होती, बायकोलाही सरांना एकटं सोडवेना, म्हणून मी सोबत निघालो.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीत कांदा निघाला. तिथल्या मुलीनं विचारलं, "खायला आहे का?" सर म्हणाले, "नाही, उन्हासाठी." डिसेंबर चालू होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं. तिथून पुढे मलाही धास्तीनं घेरलं. तिकडे कोणी अडवलं तर? सामान हरवलं तर? पोचेपर्यंत सरांचा प्रश्न मीच जास्त वेळा विचारला असेन.

शेवटचा टप्पा डोंगरातल्या छोट्या गाडीचा होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नुसती दरी. सर डोळे मिटून बसले होते. मधेच म्हणाले, "आपल्या मूर्तिजापूरच्या बंद पडलेल्या शकुंतला गाडीवानीच हाय. फक्त हे चालून राहिली." मग पुन्हा डोळे मिटले.

गाव म्हणजे मूठभर लाकडी घरं, एक चर्च आणि सगळीकडे बर्फ. मृणाल एका म्हाताऱ्या बाईच्या घरी वरच्या मजल्यावर राहायची. सरांनी तिथेही अकोल्याचे नियम चालू ठेवले. डोक्याला आणि कानाला दुपट्टा, बाहेरून आलं की लगेच पाणी प्यायचं नाही, आधी दारात बसायचं. उणे आठमध्ये.

"बाबा, काहून बसले तिथं? गारठून जासान."

"एकदम आत आलो अन् बाधलं तं?"

ती घरमालकीण आजीबाई मात्र सरांवर खूश होती. दुपट्टा पाहून तिनं पसंतीची मान हलवली. तीही तसलीच होती. दार लावलं की ओढून बघायची. आम्ही बाहेर निघालो की वाकून आमच्या बुटांचे तळवे तपासायची आणि काहीतरी पुटपुटायची. मृणालला अर्थ विचारला तर ती हसली. "म्हणते, घसरले तं काय करान?"

दिवस चालले होते आणि सर काही विषय काढत नव्हते. मृणाल पहाटे अंधारात निघायची, निसरड्या उतारावरून पायी. सर खिडकीशी उभे राहून तिच्या हातातल्या टॉर्चचा उजेड वळणाआड जाईपर्यंत बघायचे. मी म्हणायचो, "सर, बोला तिच्याशी." ते म्हणायचे, "बोलतो." माझाच जीव टांगणीला लागला होता.

एका सकाळी आम्ही दोघं जिन्यात उभे होतो. खाली दाराशी मृणालचा कोट खुंटीला टांगलेला. ती वर मोजे शोधत होती. आजीबाई स्वयंपाकघरातून आली, वर कोणी बघतंय का इकडे लक्षही नव्हतं तिचं. एप्रनमधून तिनं एक लहानशी पुडी काढली, कोटाच्या खिशात सारली, खिसा वरून थोपटला आणि परत गेली. मृणाल धडधडत उतरली, कोट चढवला आणि निघून गेली.

संध्याकाळी सरांनी तिला विचारलं, "ते पुडी कायची असते?"

"हात शेकाची. दाबली का गरम होते. मी रोज विसरतो, बाबा. ते रोज ठेवते."

सर बराच वेळ आपल्या खिशातला कांदा चाचपत बसले. मला कळलं, आता ते तिला परत येण्याचं विचारणार नाहीत. आणि खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

निघायच्या दिवशी सरांनी दारात खिशातून तो अकोल्याचा कांदा काढला. सुकला होता, हिरवा कोंब फुटला होता. तो त्यांनी आजीबाईच्या हातात ठेवला. तिनं उलटसुलट करून पाहिला आणि मृणालला काहीतरी विचारलं.

"बाबा, ते इचारते, हे काहून?"

"सांग तिले, उन्हाळ्यात तुया खिशात ठेवाले लागन."

"इथं ऊन नाही लागत, बाबा."

"अन् लागलं तं?"

मृणालनं ते कसं समजावलं कोण जाणे. म्हातारीनं कांदा एप्रनच्या खिशात ठेवला आणि खिसा थोपटला. गाडीत सर दरीकडे तोंड करून बसले. या वेळी डोळे उघडे होते. त्यांचा हात सारखा रिकाम्या खिशाकडे जात होता.

याला चार-पाच महिने झाले. परवा मला अमरावतीला जायचं होतं. ऊन मी म्हणत होतं. फाटकाशी सरांनी गाठलं, इकडचं तिकडचं विचारलं. बसमध्ये तिकिटासाठी खिशात हात घातला तर कांदा लागला.

परतल्यावर मी त्यांना जरा रागातच म्हणालो, "सर, मी काय शाळेतलं पोरगं हाय का?"

सर ओशाळले. खाली बघत म्हणाले, "राग नका मानू, भाऊ. सकाळी दोन काढाची सवय हाय हाताले. एक उरते."