कुठी? कवा?

बायकोने कढीसाठी गोडलिंबाच्या चार काड्या आणायला शेजारच्या नानांच्या अंगणात पाठवलं. काड्या तोडल्या, तर एका पानावर पाखराची शीट दिसली. मी पडलो शाळामास्तर, स्वच्छतेचा भोक्ता. नखाने उडवली. खाली पडताच शीट वळवळली आणि दोन शिंगं काढून माझ्यावर उगारली!

"मास्तर!" ओट्यावरून नाना कडाडले. "शेपटीवालीचं लेकरू हाय ते! उचला!"

गुडघे टेकून मी अळी शोधली. जिवंत होती. नानांनी तिला पानावर बसवलं आणि माझी जबानी घेतली.

नाना इंग्रज अमदानीत अकोल्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते. नोकरी सुटली, जबानी सुटली नाही. म्हैस व्याली म्हणून खरवस घेऊन आलेल्या गवळ्यालाही त्यांचा सवाल ठरलेला, "कुठी? कवा?" खरा सोस मात्र एका फुलपाखराचा, त्या शेपटीवालीचा. काळं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ, खाली दोन शेपट्या. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत, ऊन तापल्यावर, गोडलिंब नाहीतर संत्र्यापाशी. मोर्णेकाठी दिसलं म्हणावं, तर "अल्याड का पल्याड?" अडखळलात की "ऐकीव!" म्हणून साक्ष बाद. माझ्या तीन साक्षी अशाच गेल्या.

त्या दिवशी मला शिक्षा झाली, धारणीचं कार्ड वाचून दाखवायची. नानांना लांबचं घारीसारखं दिसे, अक्षर मात्र दिसत नसे. धारणीच्या जंगलात त्यांची एकुलती एक लेक गोदी दिलेली. पावसाळाभर ती हिवतापाने अंथरुणाला खिळली होती. नाना दर कार्डात फुलपाखराचं विचारायचे; उत्तर जावई लिहायचा, "फुलपाखरू दिसले नाही."

मी वाचलं, "बाबा, काल दुपारी दिसलं. विहिरीच्या वाटेवर, लिंबाच्या झाडापाशी. दोन होती."

"अक्षर कोनाचं हाय?"

"गोदीचंच."

"परत वाचा. कुठी?"

"विहिरीच्या वाटेवर."

"कवा?"

"काल दुपारी."

पाच वेळा वाचून घेतलं. ऐकीव म्हणाले नाहीत. धोतराच्या सोग्याने नाक पुसून म्हणाले, "लिहा जबाब. आनखी दिसले तर कळवावे."

"तब्येतीचं विचारू?"

"मंग आतापर्यंत काय विचारून राहिलो?"

घरी आलो तेव्हा काड्या नानांच्या ओट्यावरच राहिल्या होत्या. बायकोला सगळं सांगितलं. तिने बिनगोडलिंबाची कढी माझ्यापुढे ठेवली, शेजारी एक कोरं कार्ड ठेवलं.

"तुमची बहीण अमरावतीले हाय," ती म्हणाली. "दोन दसरे गेले, तिले एक ओळ नाही. लिहा. फुलपाखरू सुचत नसन, तर झुरळाचं विचारा!"