मला न दिसलेला खड्डा

आमच्या घरात हॉलमधून आतल्या खोल्यांकडे जायला एक अरुंद पॅसेज आहे. तिथली फरशी पायाला गार लागते अशी सासूबाईंची तक्रार होती, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मी कुणालाही न विचारता तिथे गालिचा टाकायचं ठरवलं. (विचारून केलेल्या गोष्टीचं श्रेय आमच्याकडे सल्ला देणाऱ्याला जातं. न विचारता केली की निदान दोष तरी पूर्णपणे माझ्या मालकीचा राहतो.)

मी विमा कंपनीत आहे. लोकांनी मागितलेली भरपाई खरी की बनावट, हे तपासणं माझं काम. त्यामुळे मला कुणी सहजासहजी फसवू शकत नाही, आणि हे घरच्यांच्या विस्मरणात जाऊ नये म्हणून मी ते अधूनमधून सांगतही असतो. गालिच्यांच्या दुकानदाराने एक करडा गालिचा फारच स्वस्तात पुढे केला, तेव्हा मी अर्थातच सावध झालो. तो म्हणाला, माल एक नंबर आहे, फक्त लोक घाबरतात. करडा रंग पटकन मळतो, त्याला घाबरत असतील असं मी धरून चाललो. घरात कुणी वयस्कर आहे का, असंही त्याने विचारलं. त्याच्या जिव्हाळ्याने मी भारावलो आणि सासूबाईंची तब्येत ठणठणीत असल्याचं त्याला कळवलं.

घरी येऊन मी तो अंथरला, हात झटकले आणि खुर्चीत बसलो. सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. बायको औषधांच्या दुकानात काम करते. ती थोड्या वेळाने आली, चपला काढल्या, पॅसेजच्या तोंडाशी गेली आणि तिथेच थबकली. मग हातातली पिशवी तिने अगदी हळू खाली ठेवली.

"फरशी कुणी फोडली?" तिने विचारलं.

मी म्हणालो, गालिचा आहे. ती म्हणाली, गालिचा कुठे आहे ते मला दिसत नाही, पण मधोमध विहिरीएवढा खड्डा आहे आणि त्यात खाली उतरत गेलेल्या पायऱ्या आहेत. मी पुन्हा नीट पाहिलं. एक साधा करडा गालिचा, मधे कुणाच्या तरी कपातून चहा सांडून धुतला असावा तशी पुसट नक्षी. बस्स.

एवढ्यात सासूबाई उठून पॅसेजच्या पलीकडच्या टोकाला आल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यांनी लेकीला एवढंच विचारलं की जावई खाली पडलेत का. मी अलीकडून सांगितलं, मी इथे आहे. त्या म्हणाल्या, मग तिथेच थांबा.

मायलेकींनी संगनमत केलंय, हा माझा व्यावसायिक निष्कर्ष होता. दोन साक्षीदारांची जबानी शब्दशः जुळली की आमच्या ऑफिसात आधी संशय घेतात. पण इथे एक साक्षीदार झोपेतून उठलेला होता, ही बाब मी सोयीस्करपणे बाजूला ठेवली. मी गालिच्यावरून चालून दाखवलं. उलटा चालून दाखवलं. शेवटी मधोमध उभा राहून उडी मारली, तेव्हा सासूबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. बायकोने वाकून हाताने चाचपलं, तिला हसू आलं आणि ती पलीकडे गेलीही. पण ती म्हणाली, सपाट आहे हे कळतंय तरी पाऊल कचरतं. सासूबाईंनी मात्र साफ नकार दिला. त्या दिवशी त्यांचा चहा, चष्मा आणि पेपर पलीकडे पोचवण्यासाठी मी नावाड्यासारखा फेऱ्या मारत होतो.

गालिचा परत कर, असं दोघींचं म्हणणं. मी हट्टाला पेटलो. म्हटलं, एखादा तटस्थ साक्षीदार आणू, तो सांगेल ते मान्य. आणि मी आमच्या मोठ्या साहेबांना चहाला बोलावलं. साहेब धिप्पाड, करारी. चिडलेल्या ग्राहकाने टेबलावर खुर्ची आपटली तरी त्यांची पापणी हलली नव्हती. ते आले, बसले, हवापाण्याच्या गप्पा झाल्या आणि हात धुवायला म्हणून पॅसेजकडे वळले. मी विजयी मुद्रेने बायकोकडे बघत होतो, त्यामुळे नेमकं काय झालं ते मला दिसलं नाही. ऐकू मात्र सगळ्यांना आलं. साहेबांनी आधारासाठी पडदा धरला होता, आणि पडद्याने आपला दांडा सोबत आणला होता.

पडद्यात गुंडाळलेले साहेब खाली बघत मला म्हणाले, "दुरुस्तीचं काम काढलंय ते ठीक. पण त्यावर एखादी फळी तरी टाका."

पलीकडच्या काठावरून सासूबाई समाधानाने म्हणाल्या की साहेबांना चहा तिकडेच द्या.

साहेब गेल्यावर मी बायकोसमोर माझा सिद्धांत मांडला. हा दृष्टिभ्रम आहे, मी मान्य करतो. पण कच्च्या नजरेची माणसं फसतात. मुरलेली नजर फसत नाही. घरात आणि ऑफिसात मिळून एकच माणूस फसला नाही, यावरून काय ते समजा. बायको नेहमी अशा वेळी काहीतरी टोला हाणते. या वेळी ती फक्त माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली. मला वाटलं, कौतुकाने. दुसऱ्या दिवशी ती मला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी गालिच्याची हकीकत शांतपणे ऐकून घेतली. मग मला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. काळी, ठळक अक्षरं मी बऱ्यापैकी म्हणून दाखवली. नंतर त्यांनी तीच अक्षरं फिकट, आणखी फिकट करत नेली, आणि थोड्याच वेळात माझ्यासमोर नुसती पांढरी भिंत उरली. तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकत आलाय.

मी म्हणालो, पण मग मी फसलो कसा नाही?

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. डोळा फक्त उजेड आत घेतो, बघण्याचं काम मेंदूचं. मिळेल त्या तुटपुंज्या खुणांवरून तो अंदाज बांधतो. एक बाजू उजळ, दुसरी काळपट, म्हणजे इथे खोल असणार. त्या गालिच्यावर चित्रकाराने फिक्या सावल्या रंगवल्यात. बाकीच्यांच्या डोळ्यांनी त्या मेंदूपर्यंत पोचवल्या आणि मेंदूने इमानदारीत खड्डा तयार केला. "तुमच्याकडे सावल्या पोचल्याच नाहीत," त्या म्हणाल्या. "फसायलासुद्धा आधी नीट दिसावं लागतं."

पुढे त्यांनी सहज विचारलं, संध्याकाळी स्कूटर चालवताना माणसं अचानक समोर आल्यासारखी वाटतात का. मी म्हणणार होतो की हल्ली लोकांना रस्ता ओलांडायची शिस्तच राहिलेली नाही. पण तेवढ्यात आठवलं. रोज संध्याकाळी मी बायकोला दुकानातून आणतो. मागे बसून ती सारखी सांगत असते. समोर सायकल आहे. म्हातारे गृहस्थ ओलांडतायत. हळू घ्या. तिला टोकायची सवय आहे, असं मी चारचौघांत हसत सांगत आलो होतो. त्या खोलीत मला पहिल्यांदा कळलं की ती टोकत नव्हती. ती माझ्यासाठी बघत होती. ती एखाद्या दिवशी मागे नसती तर काय झालं असतं, असं मनात आलं आणि मी खिशातून स्कूटरची किल्ली काढून तिच्या हातात दिली. तिने ती पर्समध्ये टाकली आणि घरी जायला रिक्षा केली. वाटेत मी तिचा हात धरून बसलो होतो. ती म्हणाली, रिक्षाचा दांडा धरा, वळण आहे.

गालिचा मीच गुंडाळायला घेतला, तर सासूबाईंनी अडवलं. म्हणाल्या, त्याच्यामुळे डोळे वाचले, त्याला घराबाहेर काढू नका. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, सासूबाईंनी डोळे मिटून, लेकीचा हात धरून हॉलमध्ये मुक्काम हलवला आणि मी आतल्या खोलीत पडून राहिलो. दुपारी बायको दुकानात, त्यामुळे थेंब घालायचं काम सासूबाईंकडे. मी आतून ऐकायचो. पॅसेजच्या टोकाशी पावलं थांबायची, एक लांब श्वास, मग भिंतीवरून तळहात घासत आल्याचा आवाज. त्या डोळे मिटून ती विहीर पार करायच्या, माझ्या डोळ्यात थेंब घालायच्या आणि तशाच परत जायच्या. खड्डा नाही हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नव्हतं. तरी त्या येत होत्या.

डोळ्यावरची पट्टी कायमची निघाली त्या दिवशी मी खोलीतून बाहेर आलो. पॅसेजमध्ये विहीर होती. खोल, गोल, पायऱ्या खाली काळोखात गेलेल्या. याच्यावर मी उडी मारली होती. सपाट आहे हे मला सगळ्यांत आधीपासून ठाऊक होतं, पण पाय उचलेना. हॉलमधून सासूबाईंनी हात पुढे केला.

"या," त्या म्हणाल्या. "डोळे मिटा आणि या. मी धरते."

मी डोळे मिटले आणि त्यांचा हात धरून गेलो.

तेव्हापासून मी सगळ्यांकडे टक लावून बघतो. बायकोच्या कपाळावरची बारीक रेष, सासूबाईंच्या साडीची निळी किनार. निळा रंग जगात इतका आहे याची मला कल्पनाच नव्हती. दोघींचे उपकार कसे मानावेत ते सुचेना, तेव्हा निदान बाहेर जेवायला तरी नेऊ, असं ठरवलं. कपाट उघडलं आणि माझी ठेवणीतली करडी पँट शोधू लागलो. भारदस्त दिसते म्हणून महत्त्वाच्या बैठकांना मी तीच घालतो. ती काही सापडेना. तिच्या जागी एक भडक जांभळी पँट टांगलेली होती. ही कुणाची, मी बायकोला विचारलं.

ती म्हणाली, तुमचीच, गेल्या वर्षी तुम्ही स्वतः निवडून आणलेली.

मी पलंगावर बसलो. साहेबांसमोर, ग्राहकांसमोर, खोटे दावे फेटाळताना मी ही घालून उभा होतो. आधी का नाही सांगितलंस, एवढंच मी कसंबसं विचारलं.

"सांगणार होते," ती पँट झटकत म्हणाली, "पण गर्दीत तुम्ही त्यामुळे पटकन सापडता."