माधवरावांचा तपास

सोमवारी सकाळी कोयनानगरच्या वसाहत कार्यालयात तक्रारपेटी आणून उघडली, तेव्हा आत चार चिठ्ठ्या निघाल्या. दोन नळाच्या होत्या, एक शेजाऱ्याच्या बोकडाबद्दल होती, आणि चौथी वसाहत अधिकारी लालासाहेब निकमांनी चष्मा लावून मोठ्याने वाचली.

"माधवराव. खोलीत एकटेच असतात. भिंतीला तडा गेला आहे. तीन वर्षं झाली, दार वाजवायला कुणी आलं नाही. यंदाच्या दिवाळीला तरी कुणीतरी यावं, एवढीच विनंती."

समोर बसलेल्या हेडक्लार्क सुकुमार मगदुमांनी मान वहीत घातली. चिठ्ठी त्यांनीच लिहिली होती.

मगदूम चव्वेचाळीस वर्षांचे, सांगलीजवळच्या एका गावचे. लग्न राहून गेलं, आई गेली, मग भावाची पत्रंही आटली. वसाहतीत सगळे त्यांना अण्णा म्हणत, नियमावलीतला कुठलाही नियम त्यांना येऊन विचारत, आणि उत्तर मिळालं की निघून जात. संध्याकाळी सहानंतर मगदुमांशी बोलायला मासिकंच तेवढी असायची. त्यांतल्या एकात माधवराव नावाच्या एकट्या माणसाची कथा वर्षभर क्रमशः चालली होती. शेवटच्या प्रकरणाआधी कागदाची टंचाई आली, मासिक बंद पडलं, आणि माधवराव त्या तडकलेल्या खोलीत बसले ते बसलेच. तीन वर्षं झाली तरी मगदुमांच्या मनातून ते हलले नव्हते.

त्यातच वाचनालय सांभाळणाऱ्या गुणमालाबाईंनी यंदा दिवाळीभेटीची टूम काढली. ज्याने त्याने आपल्या आवडत्या कथेतलं पात्र आणि त्याचं पुढे काय व्हावं ते चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, मग प्रत्येकाने एक उचलायची आणि त्या माणसासाठी तेवढी गोष्ट लिहून आणायची. नाव कुणी कुणाला सांगायचं नाही. हेडक्लार्कने गोष्ट मागायची म्हणजे लोकांना हसायला आयतं निमित्त, म्हणून मगदुमांनी वेडंवाकडं अक्षर काढलं, जेवणाच्या सुट्टीत वाचनालयाच्या ओसरीवर गेले आणि इकडेतिकडे बघत चिठ्ठी डब्यात सारली. ओसरीवर डबे दोन होते. धरणाच्या प्रकल्पात राखाडी रंग मुबलक असल्यामुळे तक्रारपेटीला तोच आणि दिवाळीच्या डब्यालाही तोच लावलेला होता.

"तडा हाय म्हणतोय," लालासाहेब म्हणाले. "ह्यो माधवराव कोण?"

भूकंपाला दहा वर्षं होत आली होती, पण वसाहतीत तडा या शब्दाचा धाक कायम होता. तड्याची तक्रार आली की चोवीस तासांत पाहणी करायची, असा नियम होता. त्यात लालासाहेब पलटणीत उमेद काढलेले गृहस्थ. नियम आणि हुकूम यांत त्यांना फरक माहीत नव्हता.

"मस्टरवर या नावाचं कुणी न्हाई, साहेब," मगदूम म्हणाले. "कुणीतरी चेष्टा केली असंल."

"तीन वरसं दार वाजलं न्हाई म्हणतोय. ही काय चेष्टा करायची गोष्ट हाय व्हय?"

चिठ्ठी माझी आहे म्हणावं तर आब जातो, न म्हणावं तर सरकारी तपास सुरू होतो. मगदुमांनी आब राखला आणि तपास सुरू झाला.

"मस्टरवर न्हाई तर कुणाचा पावणा असंल. ब्याऐंशी क्वार्टर हायती. केरबा मिस्त्रीला घ्या आन् दार न् दार वाजवा. पर माणूस सापडला पायजे."

चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या आल्या. मगदूम वही घेऊन पुढे आणि केरबा मिस्त्री थापी घेऊन मागे, अशी वरात निघाली. केरबाने प्रश्न तीनच ठरवले होते. माधवराव इथं राहतात का, भिंतीला तडा आहे का, आणि तुम्ही एकटे असता का. पहिल्या दोन प्रश्नांना सगळीकडे नकार मिळत होता. घोटाळा तिसऱ्याने केला.

विश्रामगृहात स्वयंपाक करणाऱ्या हरणाबाई दारातच उभ्या राहिल्या. "तडा न्हाई बा आमच्यात. पर एकटी हाय. लिवा माझं नाव."

"आवं, आमी माधवराव हुडकतोय," केरबा म्हणाला.

"त्यो गावंपतोर मला लिवा की. तुमी आलासा, तर च्या घेऊन जावा."

स्टोअरमधल्या अजितकुमारनेही नाव लिहायला लावलं. त्याच्या घरात बायको होती, दोन पोरं होती, सासू होती. "तरीबी लिवा, अण्णा," तो हळूच म्हणाला, आणि मगदुमांनी लिहिलं. संध्याकाळपर्यंत माधवराव एकही सापडला नाही. यादीत मात्र तेवीस नावं झाली, आणि केरबाच्या पोटात अकरा कप चहा गेला.

शेवटी ते एका कुलूप लावलेल्या दाराशी आले.

"हे कुणाचं?" केरबाने विचारलं.

"माझंच. चल पुढं."

"आसं कसं? साहेब म्हणालं दार न् दार. तुमी आत जावा, मी वाजवतो."

नियम मगदुमांचाच जीव की प्राण होता. ते कुलूप काढून आत गेले, दार लावून घेतलं आणि उभे राहिले. बाहेरून केरबाने कडी वाजवली. आपल्या दाराची कडी आतून कशी ऐकू येते हे मगदुमांना ठाऊकच नव्हतं. दार उघडायला त्यांना थोडा उशीर झाला.

"एकटं असता काय?" केरबाने ठरलेला तिसरा प्रश्न विचारला.

"तू चहा घेणार का?" मगदूम म्हणाले.

"नगं अण्णा, आता प्वाट फुटंल," केरबा म्हणाला आणि थापी खांद्यावर टाकून निघून गेला.

नरकचतुर्दशीला सकाळी वाचनालयात भेटी वाटल्या. मगदुमांनी जी चिठ्ठी उचलली होती, तिच्यासाठी त्यांनी बारा पानं लिहून आणली होती. एका रुसलेल्या राणीला माहेराहून परत आणायचं काम होतं, आणि त्यांनी तिला भाऊबीज करवून, वाजतगाजत आणलं होतं. राणीचं नाव पुकारल्यावर ती पानं ज्याची त्याला गेली. सगळ्यांच्या हातात कागद आले आणि मगदुमांचे हात तेवढे रिकामे राहिले.

"अण्णा, तुमची चिठ्ठी डब्यात नव्हती वाटतं," गुणमालाबाई म्हणाल्या. "तुम्हाला असलं काही नकोच असेल."

"न्हाई, मला कशाला," मगदूम म्हणाले आणि ऑफिसात गेले. सुट्टी होती तरी गेले. दुसरीकडे जायला जागा नव्हती.

टेबलावर फाइल पडलेली होती. वर लालासाहेबांचा लाल शेरा होता, 'तक्रार क्रमांक ४१. पूर्तता अहवाल आजच सादर करावा.' मगदुमांना आता कसलीच उमेद नव्हती. काहीतरी खरडून प्रकरण एकदाचं मिटवावं म्हणून त्यांनी लिहिलं, 'माधवराव यांचा शोध लागला. तडा सिमेंटने बुजवला.' इथे सही करायची होती, पण पेन पुढेच गेलं. 'पाहणीच्या वेळी त्यांच्याकडे एक गृहस्थ आले. माधवरावांनी त्यांना खुर्ची दिली व स्वतः पेटीवर बसले.' मग मात्र घाबरून त्यांनी सही ठोकली आणि फाइल शिपायाबरोबर साहेबांच्या बंगल्यावर पाठवून दिली.

तासाभरात ती परत आली. समासात लाल शाई होती. 'अहवाल अपुरा. गृहस्थ कोण? काय बोलणे झाले? खुलासा करावा.'

मगदुमांनी दोन पानं खुलासा केला. गृहस्थ जुने ओळखीचे निघाले, दोघांनी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. शिपाई तणतणत घाट चढला आणि तणतणत उतरला. 'फराळ दिला किंवा कसे?' मगदुमांनी चकल्या दिल्या. 'गृहस्थ परत येणार आहेत काय?' या शेऱ्याला उत्तर सुचेना. फाइल तशीच टेबलावर ठेवून ते घरी आले.

पाडव्याला दुपारी त्यांच्या दारात लालासाहेब उभे होते, बगलेत तीच फाइल घेऊन.

"शेवटच्या शेऱ्याचं उत्तर न्हाई आलं," ते म्हणाले. "ऑफिस उघडून मीच घेऊन आलो."

मगदुमांना आता लपवणं जमेना. "साहेब, माधवराव गोष्टीतला माणूस हाय. ती चिठ्ठी माझी होती. चुकून तुमच्या पेटीत पडली."

लालासाहेबांनी फाइलची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली.

"माझ्या बंगल्याच्या भिंतीला तडा हाय, मगदूम. मंडळी जाऊन तीन वरसं झाली, पोरगं आसामात पलटणीत. मला वाटलं, कुणीतरी नाव बदलून माझीच तक्रार केलीया. म्हणून समद्यांना पळवलं. म्हटलं, कोण एवढं आपल्याकडं बघतंय, ते तरी कळंल." त्यांनी फाइलकडे बघितलं. "म्हंजे त्यो खरा न्हाईच?"

"न्हाई, साहेब."

"आन् त्यो चकल्या खाऊन गेलेला गृहस्थ?"

"त्यो अजून गेला न्हाई. तेवढं लिहायचं राहिलंय."

मगदुमांच्या घरात खुर्ची एकच होती. लालासाहेबांनी ती ओढली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि फाइल मगदुमांच्या पुढे केली.

"मग लिवा," ते म्हणाले. "आन् त्याला लवकर उठवू नगा."