बिनवासाच्या मिरच्या

"अहो, डोळे उघडा बघू नीट," काशीबाई म्हणाली. कुशाबाने डोळे उघडले. डोळे कसले ते, डाळिंबाचे दाणे!

गाठीच्या तापाची साथ परळभर पसरली होती. तपासणीवाले घरोघर फिरत, आणि डोळे लाल दिसले की माणसाला डोलीत घालून इस्पितळात नेत. तिथे गेलेला माणूस परत येत नाही, असं अख्खी चाळ सांगे. खरं की खोटं, हे विचारायला तिथे जाणार कोण? कुशाबाला ना ताप होता ना गाठ. तो गिरणीत कापड पांढरं करायच्या खात्यात होता. पांढऱ्या पुडीच्या हौदावर उभं राहून त्याचे डोळे बारा महिने लाल असत, आणि नाक तर केव्हाच कामातून गेलं होतं. पण हे गोऱ्या साहेबाला पटवणार कोण?

"समोरच्या चाळीत शिरले हो!" काशीबाई दारातून म्हणाली. "आता आपलीच पाळी."

"मग मी काय करू? डोळे काढून खुंटीला टांगू?"

"तुम्हाला दृष्ट लागलीय. परवा नवं धोतर नेसून मिरवलात ना, तेव्हा शेजारची गंगुबाई कशी टक लावून बघत होती!"

कुशाबा पाटावर येऊन बसला. तिने पेटती शेगडी उंबऱ्यावर आणून ठेवली, मीठ, मोहरी आणि पाच सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या, नवऱ्यावरून सात वेळा ओवाळल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नाही, आणि नाही लागला तर दृष्ट जबर, हे तिला आईने शिकवलं होतं.

"आला का वास?"

"छे."

वास तिलाही येईना. येणार कसा? ती गिरणीच्याच सूत खात्यात, कापसाच्या तुसाने तिचं नाक कायमचं चोंदलेलं. त्यातून मागच्या खिडकीतून वारा असा सुटला होता की धुराचा लोट सरळ बाहेर गॅलरीत जात होता.

"डोळे तरी चुरचुरतात?"

"ते रोजच चुरचुरतात."

"अगं बाई, जबर आहे की हो!" तिने आणखी सात टाकल्या, मग अकरा. तेवढ्यात बाहेर कुणीतरी खोकलं. मग दुसरं. मग सगळी गॅलरी एकदम खोकायला लागली.

"ऐकलंत? साथ चाळीत शिरली!" काशीबाई ओरडली. "देवा रे, आता कुणी वाचत नाही!" आणि तिने वर्षाच्या बेगमीची परडीच शेगडीवर उपडी केली.

नेमके त्याच वेळी तपासणीवाले जिना चढून वर आले. पुढे आपल्यातलाच एक डॉक्टर, मागे गोरा साहेब, त्यामागे रिकामी डोली. बघतात तर काय, गॅलरीत वीस माणसं, वीसही जणांचे डोळे लाल, आणि गंगुबाई कठड्याला धरून वाकलेली. साहेबाने तिच्याकडे बोट दाखवलं. डोलीवाले पुढे सरसावले. गंगुबाई हात नाचवून काहीतरी सांगू बघत होती, पण खोकल्यापुढे शब्द फुटेना.

"हिला आधी घ्या," डॉक्टर म्हणाला, आणि त्यालाच अशी उबळ आली की तो भिंतीला टेकला. साहेबाची टोपी गडगडत खाली गेली, आणि डोळे चोळत साहेबही तिच्या मागोमाग नळाकडे पळाला.

तेवढ्यात गंगुबाईचा गळा मोकळा झाला. "गो काशी! चाळ मारतलंस काय गो मिरच्यांनी!"

डॉक्टरने शेगडी पाहिली. पायाने ती बाजूला सारली, उपरण्याने डोळे पुसले आणि आत डोकावला. कुशाबा शांतपणे बसला होता. डोळे लाल, पण त्या दिवशी तिथे लाल डोळे कुणाचे नव्हते?

"तू खोकत कसा नाहीस रे?"

"सवय आहे साहेब. गिरणीत पुडीच्या हौदावर असतो मी."

डॉक्टरने त्याच्या काखेत काचेची नळी लावली, मग दाराशी नेऊन उजेडात बघितली. "ताप नाही. शाबास! तुझ्यासारखाच माणूस हवा होता मला. आमच्याकडे रोग मारायला तीच पूड शिंपडायची असते, तर माणसं एका दिवसात पळून जातात. तुझ्या मुकादमाला मी चिठ्ठी देतो. उद्या सकाळी ये."

काशीबाईने देवाला हात जोडले. सुटलो गं बाई!

"येतो की," कुशाबा खुशीत म्हणाला. "कुठं यायचं साहेब?"

"कुठं म्हणजे? इस्पितळात."

डॉक्टर जिना उतरून गेला. कुशाबा जागचा हलला नाही. काशीबाईने रिकाम्या परडीकडे पाहिलं, पदराने नाक पुसलं आणि हळूच शेजारी गंगुबाईच्या दाराशी गेली.

"मावशी," ती म्हणाली, "तुमच्याकडे ओवाळायला चार मिरच्या आहेत का हो?"